दहा लाख काउंट होईपर्यंत

माझ्या स्वभावाबद्दल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणाला धक्का बसायला नको. मी तापट बाई आहे. अमरावतीत फिजिक्स शिकवायला लागून मला एकोणतीस वर्षं झाली, आणि माझ्या माघारी विद्यार्थी मला 'लवंगी' म्हणतात हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. मला त्याचा राग कधी आला नाही. उलट थोडा अभिमानच होता. आता तो नाही.

माझ्या प्रयोगशाळेत एक नियम आहे. आलेखात दहा लाख काउंट, म्हणजे दहा लाख नोंदी, जमल्याशिवाय निष्कर्षाबद्दल तोंड उघडायचं नाही. तरुणपणी एका परिषदेत मी दोन लाखांवरच एक आकडा छातीठोकपणे सांगून बसले होते. पुढं तो साफ खोटा निघाला, आणि चहाच्या रांगेत माझ्या मागं उभे असलेले दोन प्राध्यापक कसे हसले ते मी अजून विसरले नाही. त्या दिवसापासून दहा लाख. माझ्या हाताखाली पीएचडी केलेला सुगत आता चांदूर रेल्वेच्या कॉलेजात शिकवतो. त्याच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला तेव्हा म्हणाला होता, "मॅडम, मुलगी पसंत हाय. दहा लाख झाल्यावरच हो म्हटलं." आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो.

आम्ही मोजतो काय, तेही सांगते. घाबरू नका, खडू हातात घेत नाही.

इलेक्ट्रॉन सगळ्यांना माहीत असतो. त्याचा एक उलट्या विद्युतभाराचा जुळा आहे, पॉझिट्रॉन. तो आमच्याकडे एका किरणोत्सारी सोर्समधून निघतो, आणि त्याच्या जन्मासोबत एक किरणही निघतो. दोघांची गाठ पडली की दोघंही संपतात आणि मागं नुसते किरण उरतात. पण कधी कधी संपण्याआधी ते एकमेकांभोवती फिरत राहतात, आणि तेवढ्या वेळापुरता त्या दोघांचा एक अणू तयार होतो. त्याचं नाव पॉझिट्रोनियम. याला केंद्रक नाही, कुठल्या तक्त्यात जागा नाही. त्यातला जो जास्त टिकणारा प्रकार, तो अगदी मोकळ्या जागेत सरासरी एकशे बेचाळीस नॅनोसेकंद जगतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. स्फटिकाच्या आत बारीक पोकळ्या असल्या तर तो पोकळीत शिरतो, भिंतींवर आदळतो आणि लवकर संपतो. खोली लहान असेल तर आयुष्य लहान, मोठी असेल तर मोठं. म्हणून त्याचं आयुष्य मोजलं की डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या त्या खोलीचं माप मिळतं. माझी उभी नोकरी या मोजणीत गेली.

असे सच्छिद्र स्फटिक आपल्याकडे पायाखालीच सापडतात. काळ्या पाषाणाच्या खदानीत सुरुंग लावला की पोकळ्यांतून पांढरे, गुलाबी खडे निघतात. लोक ते घरी नेऊन टीव्हीशेजारी मांडतात. त्यांना झिओलाइट म्हणतात. त्यातल्याच चॅबझाइट नावाच्या एका जातीवर आरतीनं काम करायचं ठरलं होतं, आणि खडे तिनं स्वतः पातूरकडच्या एका खदानीतून पिशवी भरून आणले होते आणि कुटून त्यांची भुकटी केली होती.

आरती उमाळे. अकोल्याच्या पुढं खारपाणपट्ट्यात तिचं गाव. तिथल्या विहिरीच्या पाण्यात चहा केला तर दूध फाटतं, असं ती हसत सांगायची. वडील, देवमन उमाळे, किडनीच्या आजारानं गेले तेव्हा ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. आईनं गाव सोडलं, लेकीला घेऊन अकोल्यात खोली केली आणि जठारपेठेत भाजी विकायला बसली. त्या भाजीवर पोरगी एमएस्सीला पहिली आली. माझ्याकडे आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "मॅडम, भोक म्हंजे तर काहीच नसते. काहीच नसलेल्याचं माप घ्याचं म्हंजे मजाच हाय." मी वरवर कपाळाला आठ्या घातल्या. मनातून मात्र मला ती तिथंच आवडली.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी तिचे पाय सुजायला लागले. वडिलांचाच आजार निघाला. आईची किडनी देता येईना, कारण आईला साखर. किडनीसाठी नागपूरच्या प्रतीक्षायादीत नाव लागलं आणि अकोल्यात डायलिसिस सुरू झालं, मंगळवारी आणि शुक्रवारी. हॉस्टेल सोडून ती आईकडे राहायला गेली आणि उरलेल्या दिवशी अकोल्याहून गाडीनं बडनेऱ्याला, तिथून ऑटोनं प्रयोगशाळेत येऊ लागली. डाव्या हाताच्या मनगटाजवळ डायलिसिससाठी नस जोडलेली होती. त्या हातानं वजन उचलायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. आमच्या यंत्राभोवती शिशाच्या विटा असतात. त्या तिच्यासाठी पायल उचलायची. पायल माझी दुसरी विद्यार्थिनी, अंजनगाव सुर्जीची, एक वर्षानं धाकटी.

मी आरतीला सुट्टी घे म्हटलं नाही असं नाही. म्हटलं. ती म्हणाली, "घरी बसून काय करू जी? हाताची नसच पाहत बसू का?" मग मीही विषय सोडला. आणि एकदा सोडल्यावर ती आजारी आहे हे मी सोयीनं विसरले. ज्या दिवशी मला रागवायचं असे, त्या दिवशी मात्र नेमकं आठवायचं.

डिसेंबरात एक दिवस ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. हातात दोन आलेख.

"मॅडम, एक विचारू? रागावू नका."

"विचार. रागवायचं की नाही ते मी ठरवीन."

"वाळवलेल्या नमुन्यात बॅकग्राउंड जास्त येऊन राहिलं. ओल्यात कमी येते. सोर्स तर दोघायले एकच हाय."

हे बॅकग्राउंड म्हणजे आलेखाच्या तळाशी पसरलेला कचरा. एका पॉझिट्रॉनच्या जन्माचा किरण आणि भलत्याच पॉझिट्रॉनच्या मरणाचा किरण, योगायोगानं एकत्र मोजले गेलेले. आलेखाच्या उजव्या टोकाला तो सपाट दिसतो. तिथली उंची घ्यायची आणि सगळीकडून वजा करायची, ही आमची रीत. मी माझ्या गुरूंकडून शिकले, सुगतला मी शिकवली, सुगतनं पायलला दाखवली.

"पाणी पुरतं निघालं नसेल," मी म्हणाले. झिओलाइटच्या खोल्या पाण्यानं भरलेल्या असतात. निर्वातात दोन दिवस तापवून ते हाकलावं लागतं, तेव्हा कुठं आत जागा होते.

"पण मॅडम, पाणी राह्यलं असतं तर ओल्यासारखंच आलं असतं ना? थे तर उलटं होऊन राहिलं."

"आरती, बॅकग्राउंडवर कोणी पीएचडी देत नाही. पुन्हा वाळव, पुन्हा लाव."

दोन दिवस वाळवायचं आणि आठ दिवस मोजायचं. तिनं केलं. तेच आलं. मी म्हटलं, नमुना भरताना हवा लागली असेल. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं.

तिसऱ्या वेळेला तिनं मला न विचारता एक गोष्ट केली. आमचा आलेख पन्नास नॅनोसेकंदांचाच काळ दाखवतो, त्याला आम्ही खिडकी म्हणतो, आणि त्यात मुख्य उंचवटा अगदी डावीकडे असतो, कारण त्याच्या डावीकडे म्हणजे शून्यवेळेच्या आधी, काही घडतच नाही. तिथं जागा कशाला घालवायची? आरतीनं इशारा उशिरा पोचवणारी एक लांब केबल मध्ये जोडून तो उंचवटा मधोमध आणला. आता डावीकडचं बॅकग्राउंड पण दिसू लागलं. योगायोगाचा कचरा दोन्हीकडे सारखाच पडायला हवा. पण डावीकडे तो तळाला होता आणि उजवीकडे त्याच्या अडीचपट.

"हे पाहा मॅडम," ती म्हणाली. तिला आनंद लपवता येत नव्हता. "उजवीकडचं सगळं बॅकग्राउंड नाही हाय. त्यात काहीतरी जिवंत हाय. आपली खिडकी पन्नास नॅनोसेकंदाची. त्याहून लय जास्त जगणारं काही असलं, तर थे पन्नासात उतरतच नाही. सपाटच दिसते. आन आपण थे वजा करून टाकतो."

त्या दिवशी सुगत काही सह्यांसाठी आलेला होता. पायल होती. मी केबल पाहिली आणि माझं डोकं फिरलं. मला न विचारता यंत्राला हात लावला, हे एक. आणि दुसरं, ती जे म्हणत होती ते खरं असेल तर सुगतचा अख्खा प्रबंध आणि झिओलाइटवरचे माझे चौदा निबंध त्याच पन्नासच्या खिडकीतून पाहिलेले होते. हे दुसरं कारण तेव्हा माझ्या मनात शब्दांत आलं नव्हतं. पण ते होतं. आज मी ते नाकारणार नाही.

"केबल काढ," मी म्हणाले. "जोडणी वाकडी झाली की एका बाजूला असंच चढतं. आणि आजारी हातानं नमुने भरले की दुसरं काय होणार?"

सुगत खाली फरशीकडे पाहत राहिला. आरतीनं ओढणी डाव्या मनगटावरून घेतली आणि उजव्या हातानं केबल काढली. काढताना तिला ती नीट गुंडाळता येईना. पायल मदतीला गेली तर तिनं मान हलवून नको म्हटलं.

त्यानंतर तिनं बॅकग्राउंडचं नाव काढलं नाही. मी सांगितलं म्हणून तोच नमुना, तीच खिडकी, तिनं पुन्हा एकदा लावली. दहा दिवस. आज मी हिशेब करते. ज्या पोरीकडे मोजकेच दिवस होते, तिचे चाळीस दिवस मी तिच्या हातात खोट नाही हे सिद्ध करण्यात घालवायला लावले, आणि ते मानायचं नाही हे मी आधीच ठरवलेलं होतं.

मार्चमध्ये तिच्या फुप्फुसात पाणी झालं. तिला अकोल्यात दवाखान्यात ठेवलं. एका शुक्रवारी मी भेटायला गेले. शेंदूरजनाघाटचे ओळखीचे बागायतदार आहेत, त्यांच्याकडून आलेली संत्री पिशवीत घेतली होती. तिची आई, पार्बताबाई, खाटेशेजारी स्टुलावर बसली होती. तिनं पिशवी माझ्या हातातून घेतली, आत पाहिलं आणि हळूच खाटेखाली सरकवली. "संत्रं चालत नाही मॅडम तिले. पण असू द्या, नर्सा खाईन." दोन वर्षं पोरगी माझ्या समोर वावरत होती आणि तिला काय खायला चालतं एवढंही मला माहीत नव्हतं.

आरती उशीला टेकून बसली होती. चेहरा सुजलेला, पण डोळे तेच.

"मॅडम, एक मागू?"

"माग."

"एकदा खिडकी बदलून पाहा. पन्नासची हजार करा. फक्त एकदा. नमुना वाळवून ठेवलेला हाय, निर्वातातच हाय, पायलले माहीत हाय. माह्या हातानं भरू नका, तुमच्या हातानं भरा." हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तिला ते खरंच योग्य वाटत होतं. "सपाट आलं तर मी काहीच म्हणणार नाही. मले फक्त माहीत व्हायले पाहिजे, का माह्याच हातानं होत होतं का काय."

मी तिच्या उजव्या हातावर हात ठेवला. "परवा लावते," मी म्हणाले. "रविवारी."

तिनं आईकडे पाहिलं आणि हसली. "आता मॅडमचा फोन आठ दिवसांनी येईन, बरं का. दहा लाख झाल्याबिगर त्यायच्या तोंडातून शब्द निघत नाही."

"आठ दिवस," पार्बताबाई म्हणाली आणि बोटांवर मोजू लागली. "रविवार, सोमवार..."

मी पण हसले. माझ्या नियमाची थट्टा ऐकून मला बरंच वाटलं होतं.

शनिवारी मी आणि पायलनं यंत्राची खिडकी हजार नॅनोसेकंदांची केली, वेळेची पट्टी पुन्हा जुळवली. रविवारी सकाळी मी स्वतः नमुना भरला. शिशाच्या विटाही मीच रचल्या. पायल म्हणाली, "मॅडम, मी करते ना," तर मी तिच्यावर ओरडले. दुपारी मोजणी सुरू झाली.

मंगळवारी सकाळी प्रयोगशाळेत आले, कुलूप उघडलं, पडदा चालू केला.

अडीच लाख काउंट झाले होते. उंचवट्याच्या डावीकडे तळाशी स्वच्छ, खालची रेघ. आणि उजवीकडे, शेवटपर्यंत, एक तिरपी रेघ सावकाश उतरत गेलेली. ती सपाट नव्हती. इतकी सरळ आणि इतकी शांतपणे उतरणारी रेघ मी माझ्या आयुष्यात पाहिली नव्हती. मी खुर्चीवर बसले, पट्टी लावून उतार काढला. एकशे अठरा नॅनोसेकंद.

ते बॅकग्राउंड नव्हतं. पॉझिट्रोनियम स्फटिकाच्या अरुंद खोल्यांतून निसटून भुकटीच्या कणांमधल्या मोकळ्या जागेत येत होता आणि तिथं जगत होता, भिंती फार नाहीत म्हणून लांब जगत होता. खोल्या पाण्यानं भरलेल्या असल्या की त्याला निसटता येत नसे. वाळवल्या की येत असे. म्हणून कोरड्यात बॅकग्राउंड जास्त. आरतीनं पहिल्याच दिवशी, दोन आलेख हातात घेऊन, हेच विचारलं होतं. सगळ्यांत जास्त जगणारे तेवढेच आम्ही वर्षानुवर्षं कचरा म्हणून वजा करत होतो.

मी मोबाइल हातात घेतला. तिचं नाव काढलं. साडेनऊ वाजले होते. मंगळवार, म्हणजे डायलिसिसचा दिवस. पण तो अकराला सुरू व्हायचा, तोवर ती मोकळी असणार, हेसुद्धा माझ्या मनात आलं.

फोन मी केला नाही.

का केला नाही, याची उत्तरं मी स्वतःला बरीच दिली. अडीच लाखच झाले आहेत. यंत्राची पट्टी नवी आहे, ती सरकू शकते. आज हो म्हणायचं आणि रविवारी नाही म्हणायची पाळी आली तर आजारी पोरीच्या जिवाला काय वाटेल? ही सगळी उत्तरं चांगली आहेत. कोणत्याही विद्यार्थ्याला मी हीच दिली असती. पण खरं कारण यांच्यात नव्हतं. मोजणी चालू आहे तोवर मी अजून चुकलेली नव्हते. दहा लाख झाले की मला सुगतला बोलवायचं होतं, चौदा निबंधांच्या मासिकांना पत्रं लिहायची होती, आणि ज्या हाताला मी चारचौघांत आजारी म्हटलं तो हात बरोबर होता हे मला माझ्या तोंडानं म्हणायचं होतं. मला पाच दिवस हवे होते. ते मी घेतले.

बुधवारी वर्ग घेतला. गुरुवारी पाहिलं, रेघ तशीच होती. पायलनं विचारलं, "मॅडम, आरतीताईला सांगू का?" मी म्हणाले, "नियम काय आहे?" ती परत आपल्या टेबलाकडे गेली.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता सुगतचा फोन आला. आरती पहाटे गेली होती.

मी अकोल्याला पोचले तेव्हा नेण्याची तयारी झाली होती. गल्लीत भाजीबाजारातल्या बाया उभ्या होत्या, आपापल्या दुकानांवर पोतं झाकून आलेल्या. पार्बताबाईला दोघींनी धरलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण तिला मी दिसले असेन असं वाटत नाही. आरतीच्या अंगावर हिरवी साडी घातली होती. डाव्या मनगटावर पट्टी अजून तशीच होती. मी खूप रडले. रडताना मला सारखं वाटत होतं की या बायांमध्ये रडण्याचा हक्क सगळ्यांत कमी माझा आहे.

रविवारी संध्याकाळी दहा लाख झाले. मी उतार पुन्हा काढला. एकशे सतरा नॅनोसेकंद. मंगळवारपासून रविवारपर्यंत थांबून आकडा एकानं बदलला होता.

आलेख छापून घेतला, घडी न घालता एका फायलीत ठेवला आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं अकोल्याला गेले. कोणी बोलावलं नव्हतं. तिथं जाऊन काय बोलणार तेही ठरवलं नव्हतं.

खोली लहान. एका कोपऱ्यात भाजीच्या रिकाम्या टोपल्या एकात एक घालून ठेवलेल्या. भिंतीशी दिवा, आणि आरतीचा एमएस्सीचा फोटो. पार्बताबाईसोबत बसायला शेजारीण आली होती, मला पाहून ती उठून बाहेर ओट्यावर गेली. पार्बताबाईनं सतरंजी सरकवली.

"बसा मॅडम. मले वाटलंच आज येसान." तिचा आवाज बसलेला होता. "काल आठ दिवस झाले ना? म्या मोजून राहिली होती."

मी फाईल मांडीवर घेऊन सतरंजीवर बसले.

"ती म्हने, आई, मी गुंगीत असली तर फोन तू घेजो. मॅडम जे सांगतीन थे नीट ऐकून ठेवजो. मंग मले सांगजो." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता सांगा. म्या तिले कबूल केलतं."

मी फाईल उघडली, आलेख सतरंजीवर ठेवला. भाजी विकणाऱ्या बाईला पॉझिट्रोनियम काय सांगायचं, असा विचार एरवी मी केला असता. त्या वेळी नाही केला. तिनं कबूल केलं होतं आणि मला सांगायचं होतं. एक अणू असतो, फार कमी जगतो, असं मी म्हणाले. दगडातल्या बारीक खोल्यांत शिरला की आणखी कमी. पण काही त्या खोल्यांतून बाहेर निसटतात आणि मोकळ्या जागेत खूप वेळ जगतात. ते आम्हाला कधी दिसलेच नाहीत, कारण आम्ही फार थोडा वेळ पाहत होतो. तुमच्या पोरीला ते दिसले. तिरप्या रेघेवर मी बोट ठेवलं. "ही रेघ. ही तिनं ओळखली. आमच्यापैकी कोणालाच ओळखता आली नाही."

पार्बताबाई वाकून रेघेकडे बघत राहिली. मग तिनं आपलं बोट त्या रेघेच्या वरच्या टोकाला ठेवलं आणि शेवटपर्यंत नेलं.

"म्हंजे तिच्या हातानं काई चुकलं नोतं?"

"नाही. चूक माझी होती. मीच तिला हाताबद्दल बोलले होते. ते खोटं होतं."

"तिनं सांगतलं होतं मले. बोलल्याचं." ती शांतपणे म्हणाली, रागावून नाही. "चार डाव केलं म्हने तिनं थे. चारही डाव नीट केलं म्हने. तरी लय घोर लावून घेतला होता जिवाले. डायलिसिसवर पडल्या पडल्या आपला हात वर धरून पाहत राहे."

बाहेर ओट्यावर कोणीतरी शेजारणीला चहाचं विचारत होतं. पार्बताबाईनं आलेख उचलला, उजेडाकडे धरला. कोपऱ्यात मोजणीची तारीख छापलेली होती, तिला ती वाचता येत नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मंग कवा दिसलं तुमाले हे? काल?"

काल म्हणाले असते तर तिला खरं कधीच कळलं नसतं. कोणालाच कळलं नसतं. आमच्या नियमाप्रमाणे तेच उत्तर बरोबरही होतं. माझ्या ओठांवर ते आलंही होतं. पण आलेख धरलेल्या तिच्या हाताचं बोट त्या रेघेवर होतं.

"मंगळवारी," मी म्हणाले. "सकाळी साडेनऊला."

तिनं दुसऱ्या हाताची बोटं अंगठ्यानं मोजली. मंगळवार, बुधवार, गुरुवार. तिसऱ्या बोटावर अंगठा थांबला.

"मंगळवारी तर चांगली उठून बसली होती ती," पार्बताबाई म्हणाली. "पोहे मागतले होते. गुरुवारी रातलोक बोलून राहिली होती, मॅडम. फोन हातातच होता तिच्या."